मोकळी जागा कोणासाठी? : बीटीआरएफएस फाइल सिस्टिममधील जागावाटप व पुनर्वाटप

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्यास केव्हा ना केव्हा एक प्रसंग येतो. कित्येक दिवस चाललेले गणन शेवटच्या टप्प्यात असते, निष्कर्ष डिस्कवर लिहिले जात असतात आणि मध्येच काम थांबते. डिस्कवर जागा शिल्लक नाही, असा संदेश पडद्यावर उमटतो. लिनक्सच्या परिभाषेत हा २८ क्रमांकाचा दोष होय. विद्यार्थी जागेचा हिशेब मागवून पाहतो, तो शंभर भागांपैकी जेमतेम साठ भाग व्यापलेले दिसतात. काही जुन्या फाइली काढून टाकाव्यात म्हणून तो प्रयत्न करतो, तर क्वचित् प्रसंगी फाइल काढून टाकण्यासही जागा नाही, असे उत्तर मिळते. घाईने तो जुने स्नॅपशॉट पुसून टाकतो. मागाहून ध्यानात येते, की मूळ नोंदींची सुस्थितीतील एकमेव प्रत त्यांतच होती.

या प्रसंगात यंत्र खोटे बोलत नाही आणि हिशेबही चुकलेला नसतो. प्रश्न विचारण्यातच उणीव असते. डिस्कवर मोकळी जागा किती, एवढाच प्रश्न आपण विचारतो. ज्या फाइल सिस्टिममध्ये जागेचे वाटप दोन पायऱ्यांनी होते, तेथे हा प्रश्न अपुरा ठरतो. मोकळी जागा कोणासाठी मोकळी आहे, हेही विचारावे लागते. प्रस्तुत लेखात लिनक्सवरील बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचे उदाहरण घेऊन या दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन करण्याचे योजिले आहे. जागेचे पुनर्वाटप म्हणजे नेमके काय, ते केव्हा करावे आणि केव्हा करू नये, याची उकल त्यातूनच होईल.

२. पूर्वपीठिका

डिस्कवरील जागा कशी वाटावी हा प्रश्न नवा नाही. मॅक्युसिक, जॉय, लेफलर व फॅब्री या चौघांनी युनिक्ससाठी बर्कली येथे रचलेल्या वेगवान फाइल सिस्टिमचे वर्णन १९८४ साली प्रसिद्ध केले. या निबंधाने जागावाटपाच्या विचारास निश्चित वळण दिले. त्यांनी डिस्कचे अनेक गट पाडले आणि प्रत्येक गटात फाइलींच्या नोंदी व त्या फाइलींतील मजकूर शक्यतो जवळजवळ राहील अशी योजना केली. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या दसपटीपर्यंत वेग मिळाला. तथापि या योजनेस एक अट होती. डिस्कचा सुमारे दहावा हिस्सा नेहमी मोकळा ठेवावा लागे. कारण मोकळी जागा फार कमी झाली, म्हणजे जवळची जागा निवडण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही. मोकळ्या जागेचे मूल्य केवळ तिच्या परिमाणावर अवलंबून नसते, हा विचार तेव्हापासूनच या शास्त्रात आहे.

याच परंपरेतील एक्स्ट-४ ही फाइल सिस्टिम आज लिनक्सवर सर्वत्र परिचित आहे. तिच्यात प्रत्येक फाइलीसाठी आयनोड नावाची एक नोंद लागते आणि अशा नोंदी किती असतील, हे डिस्क सिद्ध करतानाच ठरते. नेहमीच्या मांडणीत दर १६,३८४ बाइट जागेमागे एक आयनोड असतो. एखाद्या संशोधकाने काही शे बाइटांच्या लक्षावधी फाइली निर्माण केल्या, तर आयनोड संपतात. डिस्क निम्मी रिकामी असली तरी नवी फाइल निर्माण होत नाही. एका कामासाठी राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कामास न मिळणे, हेच याही अडचणीचे मूळ होय.

ही अडचण टाळण्याचा उपाय उघड दिसतो. कोणत्या कामास किती जागा लागेल हे आरंभीच न ठरवता, जशी गरज पडेल तशी ती वाटत जावी. बीटीआरएफएसने हाच मार्ग पत्करला. ओहाद रोदे यांनी २००७ साली बी-ट्री या रचनेचे एक नवे रूप मांडले. त्यात जुना मजकूर जागच्या जागी न खोडता नवी प्रत अन्यत्र लिहिली जाते. त्या कल्पनेच्या आधारे क्रिस मेसन यांनी ओरॅकल कंपनीत असताना त्याच वर्षी या फाइल सिस्टिमच्या रचनेस प्रारंभ केला. २००९ साली लिनक्सच्या २.६.२९ या कर्नलमध्ये तिचा समावेश झाला. २०२० पासून फेडोराच्या वर्कस्टेशन आवृत्तीत ती मूळचीच निवड म्हणून येते. त्यामुळे, आपण ती निवडली आहे याची जाणीवही नसलेल्या पुष्कळ वापरकर्त्यांच्या यंत्रांत ती आज आहे.

३. दोन पायऱ्यांचे वाटप

बीटीआरएफएस डिस्कवरील जागा थेट फाइलींना देत नाही. प्रथम ती डिस्कचे मोठे मोठे तुकडे बाजूला काढते. यांना तिच्या परिभाषेत ‘चंक’ म्हणतात. आपण त्यांस ‘खंड’ म्हणू. खंड बाजूला काढतानाच तो कोणत्या कामासाठी आहे हे ठरते. फाइलींतील प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे डेटा, ठेवण्यासाठी एक प्रकारचे खंड असतात. फाइलींची नावे, आकार, स्थाने, तपासणी-अंक इत्यादी नोंदी, म्हणजे मेटाडेटा, ठेवण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे असतात. खुद्द खंडांची सूची ठेवणारा तिसरा प्रकार फार लहान असल्याने येथे हिशेबात धरलेला नाही. डेटाचा खंड साधारणतः १ गिबिबाइटचा, म्हणजे २ च्या ३० व्या घाताइतक्या बाइटांचा असतो. मेटाडेटाचा खंड लहान डिस्कवर २५६ मेबिबाइटचा, तर ५० गिबिबाइटहून मोठ्या डिस्कवर १ गिबिबाइटचा असतो.

ही झाली पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत त्या त्या खंडातील जागा फाइलींस किंवा नोंदींस दिली जाते. त्या प्रकारचे सर्व खंड भरत आले की नवा खंड काढला जातो. आणि नवा खंड काढण्यासाठी कोणत्याही कामास न दिलेली, म्हणजे अविभाजित जागा लागते.

दोन प्रकार वेगळे ठेवण्याचे कारण सयुक्तिक आहे. मेटाडेटा आकाराने अल्प, परंतु मोलाने फार मोठा असतो. तो बिघडला तर सर्वच फाइली हाताबाहेर जातात. म्हणून एकाच डिस्कवरही त्याच्या दोन प्रती ठेवण्याची प्रथा आहे. डेटाच्या दोन प्रती ठेवल्यास मात्र डिस्क निम्मीच उपयोगी पडेल. प्रकार वेगळे असल्यामुळे प्रत्येकास वेगळा नियम लावता येतो.

एका दृष्टान्ताने हे अधिक स्पष्ट होईल. एका ग्रंथालयाचे दालन आहे, अशी कल्पना करावी. त्यात पुस्तकांची कपाटे आणि तालिकापत्रांच्या पेट्या मांडावयाच्या आहेत. आरंभी दालन मोकळे आहे. पुस्तके येतील तशी कपाटे मांडली जातात, पत्रे वाढतील तशा पेट्या मांडल्या जातात. पत्र लिहिल्याशिवाय पुस्तक दाखल करावयाचे नाही, असा कडक नियम आहे. एके वर्षी पुस्तकांचा मोठा संग्रह येतो आणि दालनाची सारी भूमी कपाटांनी भरून जाते. पुढे त्यांतील निम्मी पुस्तके अन्यत्र जातात. कपाटे अर्धी रिकामी होतात, परंतु ती जागची हलत नाहीत. आता पत्रपेट्या भरल्या, तर नवी पेटी ठेवण्यास भूमी नाही. कपाटांत हजार पुस्तकांची जागा असूनही ग्रंथपाल एकही पुस्तक घेऊ शकत नाही.

४. कोंडी कशी होते

या दृष्टान्तात आणखी एक नियम जोडावा लागेल. आपल्या ग्रंथालयात जुन्या पत्रावर खाडाखोड करण्यास मनाई आहे. कोणतीही दुरुस्ती करावयाची झाल्यास नवे पत्र लिहून पेटीत ठेवावयाचे आणि ते ठेवल्यावरच जुने काढून टाकावयाचे. बीटीआरएफएसची लेखनपद्धती नेमकी अशी आहे. या पद्धतीमुळे लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी नोंद शाबूत राहते. स्नॅपशॉट क्षणार्धात घेता येतात, तेही याच पद्धतीमुळे. कारण स्नॅपशॉट म्हणजे जुन्या नोंदी न टाकता तशाच राखणे होय.

परंतु याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. फाइल काढून टाकणे हीदेखील नोंदींतील दुरुस्तीच आहे आणि दुरुस्तीस प्रथम नवी जागा हवी. जागा मोकळी करण्यासाठीच जागा लागते. हे ओळखून फाइल सिस्टिम मेटाडेटाच्या खंडांतील काही जागा स्वतःच्या निकडीसाठी राखून ठेवते. या राखीव जागेची मर्यादा सर्वसाधारणपणे ५१२ मेबिबाइट असते. फाइल काढून टाकण्यासारखी कामे तिच्या आधाराने बहुधा पार पडतात. ती राखीव जागाही अपुरी पडली, म्हणजे लेखाच्या आरंभी वर्णिलेली कोंडी पूर्ण होते.

स्नॅपशॉटांमुळे आणखी गुंता होतो. एखादी फाइल चालू निर्देशिकेतून काढून टाकली, तरी ती ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे तो असेपर्यंत तिच्या मजकुराची जागा सुटत नाही. उलट काढून टाकण्याच्या नव्या नोंदीपुरता मेटाडेटा वाढतो. जागा कमी पडते म्हणून फाइली काढाव्यात आणि त्यामुळेच मेटाडेटाची तंगी वाढावी, असा विपरीत अनुभव येतो तो यामुळे.

५. एक कल्पित हिशेब

आता आकड्यांकडे वळू. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणार्थ घेतलेले आहेत. १०० गिबिबाइटची एक डिस्क आहे. तिच्यावर डेटासाठी ९६ खंड, म्हणजे ९६ गिबिबाइट, बाजूला काढलेले आहेत. मेटाडेटासाठी २ गिबिबाइट आहेत. परंतु प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती असल्याने त्यांनी डिस्कवरील ४ गिबिबाइट जागा घेतली आहे. बेरीज १०० होते. अविभाजित जागा शून्य.

डेटाच्या ९६ खंडांत प्रत्यक्ष मजकूर ५८ गिबिबाइटच आहे. म्हणजे ३८ गिबिबाइट रिकामे आहेत. मेटाडेटाच्या २ गिबिबाइटांपैकी दीड गिबिबाइट नोंदींनी भरला असून उरलेला अर्धा निकडीसाठी राखीव आहे. म्हणजे मेटाडेटा भरला. यापुढे नवी फाइल लिहावयाची, तर मजकुरास ३८ गिबिबाइट आहेत, पण नोंदीस जागा नाही. नवा मेटाडेटा-खंड काढण्यास अविभाजित जागाही नाही. काम थांबते.

अशा वेळी ‘डीएफ’ या नेहमीच्या आज्ञेचा अहवाल वाचकास चकवतो. जुने कर्नल येथे सुमारे ३८ गिबिबाइट उपलब्ध असल्याचे सांगत. नवे कर्नल ही कोंडी ओळखून उपलब्ध जागा शून्य दाखवतात. पण व्यापलेली जागा साठ-एकसष्ट गिबिबाइटच दाखवतात. ६१ आणि शून्य यांची बेरीज १०० होत नाही हे पाहून वापरकर्ता अधिकच बुचकळ्यात पडतो. वस्तुतः दुसरा अहवाल अधिक प्रामाणिक आहे. उरलेले ३८ गिबिबाइट अस्तित्वात आहेत, परंतु या घटकेस ते कोणाच्याही उपयोगाचे नाहीत, असेच तो सांगतो.

यास्तव बीटीआरएफएसच्या वापरकर्त्याने ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज’ या आज्ञेचा अहवाल वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्यात डिस्कचा एकूण आकार, खंडांस दिलेली जागा व अविभाजित जागा हे तीन आकडे स्वतंत्र दिलेले असतात. शिवाय प्रत्येक प्रकारच्या खंडांत किती जागा वापरली गेली, हेही कळते. रोग ओळखण्यास एवढे पुरेसे आहे.

६. पुनर्वाटपाचा अर्थ

या रोगावरील उपायास बीटीआरएफएसच्या परिभाषेत ‘बॅलन्स’ म्हणतात. या नावावरून भार सर्वत्र सारखा करण्याची क्रिया डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही क्रिया अगदी साधी आहे. निवडलेल्या खंडातील सर्व मजकूर वाचावयाचा, जणू आताच लिहिण्यास आला आहे अशा रीतीने तो पुन्हा वाटपाच्या यंत्रणेकडे सोपवावयाचा, आणि तो अन्यत्र लिहून झाला की रिकामा झालेला खंड मोडून त्याची जागा अविभाजित जागेत जमा करावयाची. ग्रंथपालाने अर्धरिकाम्या कपाटांतील पुस्तके इतर कपाटांत लावावीत आणि रिकामी कपाटे दालनाबाहेर काढावीत, तसाच हा प्रकार आहे.

मागील हिशेब पुढे चालवू. ९६ खंडांपैकी २० खंड असे आहेत, की त्यांत मिळून ५ गिबिबाइटच मजकूर आहे. उरलेल्या ७६ खंडांत ५३ गिबिबाइट मजकूर व २३ गिबिबाइट रिकामी जागा आहे. त्या २० खंडांतील ५ गिबिबाइट या रिकाम्या जागेत हलवले. आता डेटाचे खंड ७६, त्यांतील मजकूर ५८, त्यांतील रिकामी जागा १८ आणि अविभाजित जागा २० गिबिबाइट झाली. १८ आणि २० यांची बेरीज पुन्हा ३८ च आहे. पुनर्वाटपाने मोकळ्या जागेत एका बाइटाचीही भर पडली नाही. जी जागा केवळ डेटासाठी बांधलेली होती, तिच्यातील २० गिबिबाइट बंधमुक्त झाले, इतकेच घडले. परंतु तेवढ्याने मेटाडेटास नवा खंड मिळतो आणि थांबलेले काम सुरू होते.

या क्रियेचा खर्चही मोजता येतो. एखाद्या खंडाचा ‘भ’ एवढा अंश भरलेला असून त्यातील मजकूर नव्याच खंडांत लिहावा लागतो असे धरले, तर ‘भ’ एवढे लिहून (१ − भ) एवढी जागा सुटते. म्हणजे सुटणाऱ्या प्रत्येक गिबिबाइटमागे भ ÷ (१ − भ) गिबिबाइट लेखन करावे लागते. खंड दहा टक्के भरलेला असेल तर हा खर्च सुमारे ०.११, पन्नास टक्के असेल तर १ आणि नव्वद टक्के असेल तर ९ येतो. हे गणित अभ्यासकांस अपरिचित नसावे. रोझेनब्लम व आउस्टरहौट यांनी १९९१ साली मांडलेल्या लॉग-रचित फाइल सिस्टिममध्ये साफसफाईचा खर्च याच रीतीने काढलेला आहे; वाचन व नवे लेखन धरून त्यांचे सूत्र २ ÷ (१ − भ) असे येते. दोन्ही सूत्रांचा बोध एकच. रिकामे खंड आधी उचलावेत. भरलेल्यांस हात लावू नये.

म्हणूनच २०१२ साली ३.३ या कर्नलमध्ये पुनर्वाटपास गाळण्या जोडल्या गेल्या, हे महत्त्वाचे ठरले. तत्पूर्वी सबंध डिस्क पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता अमुक टक्क्यांहून कमी भरलेलेच खंड घ्यावेत, असे सांगता येते. तसेच २०१४ अखेरच्या ३.१८ या कर्नलपासून पूर्णतः रिकामे झालेले खंड आपोआप मोडले जातात. पूर्वी हेही काम हाताने करावे लागे. एक टक्का जरी भरलेला असला, तरी तो खंड मात्र या आपोआप होणाऱ्या सफाईत मोडला जात नाही.

७. अनेक डिस्कांचा प्रसंग

पुनर्वाटपाची खरी अपरिहार्यता एकाहून अधिक डिस्क असताना दिसते. २ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत आणि प्रत्येक खंडाची एक एक प्रत दोहोंवर ठेवण्याची, म्हणजे रेड-१ ची, व्यवस्था आहे. त्या भरत आल्या म्हणून ४ टेराबाइटची तिसरी डिस्क जोडली. संशोधकास वाटते, की आता पुष्कळ जागा झाली. परंतु नवा खंड काढावयाचा तर त्याच्या दोन प्रती दोन भिन्न डिस्कांवर हव्यात. अविभाजित जागा तिसरीवरच आहे. तिला जोडीदार नाही. चार टेराबाइट समोर रिकामे पडलेले असताना लेखन नाकारले जाते.

येथे सबंध डेटाचे पुनर्वाटप योग्य ठरते. नवा खंड काढताना ज्या डिस्कांवर अविभाजित जागा सर्वाधिक, त्यांची निवड होते. त्यामुळे पुन्हा लिहिलेल्या प्रत्येक खंडाची एक प्रत मोठ्या डिस्कवर आणि दुसरी दोन लहान डिस्कांपैकी एकीवर जाते. क्रिया संपल्यावर मोठ्या डिस्कवर २ टेराबाइट, तर लहान डिस्कांवर प्रत्येकी १ टेराबाइट व्यापलेले असतील. आणि दोन प्रतींनिशी आणखी २ टेराबाइट मजकूर मावू शकेल. मात्र ही क्रिया सुरू होण्यासाठीही जुन्या डिस्कांवर थोडी अविभाजित जागा हवी. ती अगदी शून्य झाल्यावर नवी डिस्क आणली, तर उपायच अडून बसतो. यास्तव नवी डिस्क जोडावयाची ती जुन्या काठोकाठ भरण्यापूर्वी जोडावी.

८. व्यवहारातील काही नियम

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात.

पहिला नियम असा, की अविभाजित जागेचा आकडा हाच लक्ष ठेवण्याचा आकडा होय. मोठ्या डिस्कवर दोन प्रतींचा एक मेटाडेटा-खंड काढण्यास २ गिबिबाइट लागतात. त्याच्या काही पट जागा सदैव अविभाजित राहील, अशी दक्षता घ्यावी.

दुसरा नियम गाळणीविषयी. प्रथम फार कमी भरलेले खंड घ्यावेत. पाच टक्के, मग दहा टक्के, मग पंचवीस. पुरेशी जागा सुटताच थांबावे. बिनगाळणीचे संपूर्ण पुनर्वाटप ठरावीक काळाने करीत राहण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते; तिने डिस्कची झीज व कालापव्यय यांखेरीज सहसा काही साधत नाही. फार स्नॅपशॉट असतील किंवा जागेची कोटा-पद्धत चालू असेल, तर ही क्रिया अतिशय मंदावते, हेही ध्यानात असावे.

तिसरा नियम मेटाडेटाविषयी. मेटाडेटाचे खंड अर्धे रिकामे दिसले तरी नित्याच्या पुनर्वाटपात त्यांस हात लावू नये. ती रिकामी जागाच पुढील कोंडीपासून रक्षण करते. ती परत केली, तर डेटाचे नवे खंड ती गिळून टाकतात आणि जी कोंडी टाळावयाची तीच ओढवून घेतल्यासारखे होते.

चौथा नियम असा, की पुनर्वाटप ही दुरुस्ती नव्हे. ते करताना मजकूर वाचला जातो व तपासणी-अंकांशी पडताळला जातो. बिघडलेला भाग आढळला आणि त्याची दुसरी प्रत नसली, तर क्रिया तेथेच थांबते. म्हणून आधी ‘स्क्रब’ ही तपासणी पार पाडावी. तसेच पुनर्वाटप आणि डीफ्रॅगमेंटेशन यांत गल्लत करू नये. पुनर्वाटपात स्नॅपशॉट व मूळ फाइल यांची सामाईक जागा सामाईकच राहते. डीफ्रॅगमेंटेशनमध्ये ती तुटते आणि जागा कमी पडत असताना ते केल्यास व्यापलेली जागा उलट वाढते.

पाचवा नियम कोंडी होऊन गेल्यानंतरचा. पुनर्वाटपासही मेटाडेटाची थोडी जागा लागते. ती नसल्यास एखादी दुसरी डिस्क तात्पुरती याच फाइल सिस्टिमला जोडावी, मग कमी भरलेल्या खंडांचे पुनर्वाटप करावे आणि शेवटी ती डिस्क रीतसर आज्ञा देऊन वगळावी. यासाठी पेनड्राइव्ह वापरण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. तो निरुपद्रवी नाही. जोडलेल्या साधनावर काही नोंदी जाऊन बसलेल्या असतात. ते वगळण्याची क्रिया पूर्ण होण्यापूर्वी उपसले किंवा निकामी झाले, तर साऱ्या फाइली गमावण्याचा धोका असतो. म्हणून हाताशी असलेले सर्वांत भरवशाचे साधनच या कामी घ्यावे. पुनर्वाटप मध्येच थांबवून पुढे चालू करता येते. वीज गेल्याने ते खंडित झाले, तरी फाइल सिस्टिम पुन्हा जोडल्यावर पुढे चालू होते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

आणि स्नॅपशॉट पुसण्याचा निर्णय कोंडीच्या घटकेस कदापि घेऊ नये. कोणता स्नॅपशॉट किती काळ ठेवावयाचा, हे स्वस्थ चित्ताने आधी ठरवून ठेवावे. पुसलेल्या स्नॅपशॉटची जागा तत्काळ सुटत नाही. ती पार्श्वभूमीवर हळूहळू मोकळी होते. आकडा लगेच हलला नाही म्हणून एकामागून एक स्नॅपशॉट पुसत जाणे, ही या प्रसंगातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. जागेची कोंडी सोडवता येते. पुसलेल्या नोंदी परत येत नाहीत.

९. उपसंहार

एक्स्ट-४ मध्ये नोंदींचे प्रमाण आरंभीच ठरते आणि चुकले तर चुकलेलेच राहते. बीटीआरएफएसने हा निर्णय पुढे ढकलून वापरकर्त्यास मोठी लवचिकता दिली. परंतु पुढे ढकललेला निर्णय टळत नाही; प्रत्येक नवा खंड काढताना तो थोडा थोडा घेतला जातो आणि हळूहळू सारी डिस्क पूर्वीच्या गरजांप्रमाणे वाटली जाते. गरजा बदलल्या म्हणजे ते जुने निर्णय मागे घ्यावे लागतात. पुनर्वाटप म्हणजे हे निर्णय मागे घेण्याची सोय. अलीकडच्या कर्नलमध्ये कमी भरलेले खंड आपोआप परत घेण्याच्या सोयी आलेल्या आहेत आणि वापरकर्त्यावरील हा भार उत्तरोत्तर हलका होत जाईल, अशी चिन्हे आहेत. तथापि कोणतीही यंत्रणा आपण होऊन स्नॅपशॉटांचे मोल ठरवू शकणार नाही, किंवा भरत आलेल्या डिस्कला वेळेवर जोडीदार आणून देऊ शकणार नाही.

ज्यांच्या कित्येक महिन्यांच्या श्रमांची फळे अशा डिस्कवर साठवलेली आहेत, त्यांनी आठवड्यातून एकदा अविभाजित जागेचा आकडा पाहण्यास मिनिटभर वेळ द्यावा. एवढ्या अल्प सावधगिरीने आरंभी वर्णिलेला प्रसंग बहुतांशी टाळता येण्यासारखा आहे.